जुन्या रिळाचा पार्ट शोधताना मॉडेलचं नाव पुरत नाही

(या भागाचं थोडं नीट केलेलं शब्दांकन)

एका श्रोत्याचा मेसेज आलाय: काकांचं जुनं मिचेल ३०० आहे, बेल बंद होत नाही, पार्ट मिळेल का? मिळेल. पण नुसतं ‘मिचेल ३०० पार्ट’ असं शोधून ऑर्डर टाकू नका, पैसे वाया जातील.

मिचेल ३०० हे फ्रान्सच्या क्ल्यूझ गावातलं, कार्पानो अँड पाँस कंपनीचं रीळ. गाव घड्याळांच्या कामाचं, त्यामुळे आतले गिअर बघून नवल वाटत नाही. अमेरिकेत ते गार्सिया कंपनीने विकलं, म्हणून काही रिळांवर तेही नाव असतं. हे मॉडेल अनेक दशकं बनत राहिलं आणि तेवढ्या काळात त्याचे पार्ट बदलत गेले. त्यात आणखी गोंधळ म्हणजे ३०० आकड्याची नवी मिचेल रिळंही निघाली. त्यांचं आतलं काही जुन्याला बसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पॅकेजचं नाव तेच, मेजर व्हर्जन वेगळं.

म्हणून आधी सीरियल नंबर बघा आणि त्या काळातलं स्कीमॅटिक शोधा, म्हणजे सगळे पार्ट सुटे करून दाखवलेलं चित्र. त्यात प्रत्येक पार्टला स्वतःचा नंबर असतो. विक्रेत्याला तो नंबर सांगायचा, आणि सोबत आपल्या पार्टचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो द्यायचा. ३०१ म्हणजे याचंच उजव्या बाजूला हॅन्डल असलेलं भावंड, त्याचे काही पार्ट आरशातल्यासारखे उलटे. ‘तसाच दिसतो’ यावर जाऊ नका.

आता बेल, म्हणजे लाइन पकडून स्पूलवर आणणारी ती तारेची कमान. ती बंद होत नाही म्हणजे स्प्रिंगच गेली असं नाही. आधी हाताने ढकलून बघा. जोर जाणवतोय पण कमान आळसावल्यासारखी फिरते? मग सांध्यात सुकलेलं ग्रीस किंवा मीठ अडकलंय, किंवा तार वाकलीय. साफ करा, एक थेंब तेल, बस्स. काहीच जोर लागत नसेल तर स्प्रिंग तुटलीय किंवा जागेवरून सुटलीय. या रिळाचं ते जुनं दुखणं आहे.

जुन्या साठ्यातली स्प्रिंग परदेशी विक्रेत्यांकडे मिळते, पण कुरिअर स्प्रिंगपेक्षा महाग पडतं. माझं मत, आधी स्प्रिंग बनवणाऱ्याला विचारा. त्याला लागतं काय, तर तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेढे किती, दोन्ही पाय कुठल्या कोनात आणि वेढे डावे की उजवे. शेवटचं चुकलं तर सगळंच चुकलं, कारण जोर आल्यावर वेटोळं आवळलं जायला हवं, उलगडायला नको. खाऱ्या पाण्यात वापरणार असाल तर स्टेनलेसची स्प्रिंग तार सांगा.

बेअरिंगचं सोपं असतं. कुठलंही रीळ असो, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ८ बाय १६ बाय ५ मिलिमीटर आलं तर ते ६८८ झेडझेड, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्याकडे विचारा. ‘फिशिंग रिळाचं’ म्हणायची गरज नाही, नाहीतर भाव वाढतो! ड्रॅगचे फेल्ट वॉशर जाड फेल्टमधून कापता येतात, फक्त धातूचे आणि मऊ वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो आधी काढा.

गिअर मात्र घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी त्याच काळातलं, बंद पडलेलं दुसरं रीळ घ्या, आणि मेन गिअर व पिनियन जोडीनेच बदला. झिजलेल्या दातांशी नवे दात नीट बसत नाहीत, खरखर होतेच.

आणि हो, मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, रीळ मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून उघड, म्हणजे स्प्रिंग उडाली तरी आतच राहील. तुटलेली असली तरी दोन्ही तुकडे जपून ठेव. मापं त्यावरूनच घ्यायचीत.