तापाची साथ आणि शाळेची हजेरी

शाळेत न जाण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. मुलाने शाळा बुडविली, खाडा केला, दांडी मारली. यांतील प्रत्येक शब्दात थोडा ठपका आहेच. तापाने अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या गैरहजेरीला मात्र वेगळा शब्द नाही. हजेरीपटाची रीतही तीच. हजर असेल त्याच्या नावापुढे एक खूण, नसेल त्याच्या नावापुढे दुसरी. मामाच्या लग्नाला गेलेला, उगाच तळ्यावर भटकत राहिलेला आणि तापाने फणफणलेला, हे तिघेही त्या दुसऱ्या खुणेखाली एका रांगेत उभे राहतात. एरवी यात फारसे बिघडत नाही. पण फ्लूची साथ आली म्हणजे या एका खुणेवर पुष्कळ गोष्टी अवलंबून राहतात. आजारी मूल घरी राहणार की वर्गात येऊन बसणार, याचा निर्णय कित्येकदा डॉक्टर करीत नाही, हजेरीपट करतो.

रायपूरच्या पूर्व भागातील तेलीबांधा ही वस्ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. छत्तीसगढीत बांधा म्हणजे बांध घालून अडविलेले तळे. वस्तीला नाव मिळाले ते अशा तळ्यावरून. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होता आणि पुढे १९५६ पर्यंत त्याची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. आज तळ्याच्या कडेने ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जाणारा रस्ता आहे आणि संध्याकाळी तेथे हवा खायला येणाऱ्यांची गर्दी असते. पूर्वी तळ्याकाठच्या झोपड्यांतून राहणाऱ्या कुटुंबांसाठी बांधलेल्या बहुमजली इमारती जवळच उभ्या आहेत. व्यापाऱ्याचे मूल, कारकुनाचे मूल आणि चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे मूल अशी येथे हाकेच्या अंतरावर राहतात. ताप तिघांनाही सारखाच येतो. तापात घरी राहण्याची सोय मात्र तिघांना सारखी नसते, आणि गैरहजेरीच्या नियमाची खरी परीक्षा तेथेच होते.

छत्तीसगढातील शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि मागोमाग पाऊस येतो. फ्लू हा थंडीचा आजार असे पाश्चात्त्य पुस्तकांतून वाचावयास मिळते. ते तिकडच्या हवेला धरून आहे. आपल्या देशात श्रीनगरला तो थंडीत वाढतो खरा. परंतु नागपूर, पुणे, दिल्ली, कोलकाता येथील तपासण्यांत त्याचा जोर जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत आढळून आला आहे. रायपूरची हवा नागपूरहून फार वेगळी नाही. म्हणजे वर्ष सुरू होऊन मुले नव्या वर्गात दाटीने बसू लागतात, पावसामुळे खिडक्या लावून घेतल्या जातात, ओले दप्तर आणि ओले कपडे घेऊन चाळीसपन्नास जणांचा श्वास एका खोलीत कोंडतो, त्याच सुमारास विषाणूलाही अनुकूल काळ लाभतो. हिवाळ्याच्या अखेरीसही त्याची दुसरी लाट येते, आणि ती नेमकी परीक्षेच्या तोंडावर. मार्च २०२३ मध्ये ‘एच३एन२’ या जातीचा फ्लू पसरला तेव्हा पुदुच्चेरी सरकारने पहिली ते आठवीचे वर्ग दहाअकरा दिवस बंद ठेवले होते.

साधे पडसे आणि फ्लू यांत लोक फरक करीत नाहीत, आणि घोटाळ्याची सुरुवात होते ती तेथून. पडसे हळूहळू चढते, नाक गळते, मूल खेळत राहते. फ्लू एकाएकी गाठतो. सकाळी हसत शाळेत गेलेले मूल दुपारी डोके धरून बसते, अंग मोडून येते, ताप एकशेदोन-तीनपर्यंत जातो. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, हे घडते. तथापि मूल आजारी दिसू लागण्याच्या एक दिवस आधीपासूनच त्याच्या श्वासातून, खोकल्यातून विषाणू बाहेर पडू लागलेला असतो, आणि तो पुढे पाच ते सात दिवस, लहान मुलांत कधी त्याहूनही अधिक काळ, पडत राहतो. पहिल्या दिवसाचा संसर्ग कोणताही नियम थांबवू शकत नाही, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. पण तापाचे पहिले तीनचार दिवस, जेव्हा विषाणूचे प्रमाण सर्वाधिक असते, तेवढे जरी मूल घरी राहिले तरी साथीची साखळी पुष्कळ ठिकाणी तुटते.

दुखणे अंगावर काढणे हा आपल्याकडे गुण मानला जातो. मोठ्या माणसाने तो आपल्यापुरता मिरवावा. वर्गात मात्र एकाने अंगावर काढलेले दुखणे शेजारच्या चौघांच्या अंगावर जाते. छत्तीसगढात आणि विदर्भात या शेजाऱ्याचा विचार विशेष करावा लागतो. या दोन्ही प्रदेशांत सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात दोष अनेक समाजांत रुजलेला आहे, इतका की रायपुरात त्यासाठी स्वतंत्र संस्था उभारावी लागली. असा दोष असलेल्या मुलाला फ्लू झाला तर छातीचा गंभीर विकार होण्याची भीती असते. दम्याच्या मुलाचेही तसेच. वर्गातील कोणत्या बाकावर असे मूल बसले आहे, हे शिक्षकाला ठाऊक असतेच असे नाही. शेजारी बसणाऱ्या मुलाच्या आईला तर मुळीच नसते.

फ्लूच्या साथींचा इतिहास आपल्या लोकांच्या विस्मरणात गेला आहे, हे एक आश्चर्यच आहे. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली, आणि मुंबई इलाखा व मध्यप्रांत-वऱ्हाड या मुलुखांना सर्वांत जबर तडाखा बसला. रोगाचे कारण तेव्हा कोणालाच उमगले नव्हते. माणसातील फ्लूचा विषाणू ओळखला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. मे १९५७ मध्ये सिंगापूरहून मद्रासला आलेल्या जहाजातून दुसरी जागतिक साथ भारतात उतरली. पुढील आठनऊ महिन्यांत देशात सुमारे ४४ लाख रोगी आणि ११०० च्या आसपास मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत उन्हाळ्यात आलेला विषाणू सुट्टीत काहीसा दबून राहिला आणि शाळा उघडताच साथ भडकली. शाळा आणि फ्लू यांचे नाते जगाला त्या वर्षी स्पष्टपणे दिसले.

मराठी समाजाला ते दिसले ऑगस्ट २००९ मध्ये. त्या महिन्याच्या ३ तारखेला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी ‘स्वाइन फ्लू’ने दगावली, देशातील त्या साथीचा तो पहिला मृत्यू. शहर हादरले. नायडू सांसर्गिक रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, रुमालांनी तोंडे झाकली गेली, शाळा बंद झाल्या. त्यानंतर मुंबईनेही आपल्या शाळा आठवडाभर बंद ठेवल्या. भीतीच्या पहिल्या दिवसांत हे समजण्यासारखे होते. परंतु त्या रांगांतून साधे पडसे झालेली मुले खऱ्या रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून तासन्‌तास उभी राहिली, हेही तितकेच खरे.

शाळा बंद करणे हा उपाय डोळ्यांत भरणारा आहे. तो योग्यच असतो असे नाही. १९१८ साली अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या असता न्यूयॉर्कने मात्र त्या उघड्या ठेवल्या. आरोग्यप्रमुख रॉयल कोपलंड यांचे म्हणणे असे की, शहरातील सुमारे दहा लाख विद्यार्थ्यांपैकी बहुतेक मुले दाटीच्या चाळींतून राहतात. तेथे त्यांना कोंडून ठेवण्यापेक्षा हवेशीर शाळेत रोज सकाळी त्यांची पाहणी करणे बरे. शिक्षक प्रत्येक मुलाकडे पाहत, आजारी वाटणारे मूल वेगळे काढीत, वैद्यकीय तपासणी होई आणि त्या मुलाच्या घरी परिचारिका जात असे. या व्यवस्थेचे मर्म शेवटच्या गोष्टीत आहे. मुलाला नुसते घरी पाठविले नाही. घर त्याला सांभाळू शकते की नाही, हेही पाहिले.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ साली आखून दिलेली विभागणी आजही उपयोगी पडते. सौम्य ताप, घसा, खोकला असलेल्या रुग्णाची चाचणी नको, विषाणुरोधक औषध नको. त्याने घरी राहावे, आणि एकदोन दिवसांनी प्रकृती पुन्हा पाहावी. ताप फार असेल, किंवा रुग्णाला आधीचा एखादा गंभीर विकार असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध. आणि धाप लागणे, ओठ वा नखे निळसर होणे, मूल खाईनासे होणे, गुंगीत जाणे, झटके येणे यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ रुग्णालय. यात दोन गोष्टींची भर घालावयास हवी: मुलाला फ्लूच्या तापात ॲस्पिरिन देऊ नये, आणि प्रतिजैविकांचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही.

याच मंत्रालयाने शिक्षणसंस्थांना केलेली एक सूचना फार शहाणपणाची होती: साथीच्या काळात आजारी विद्यार्थ्याकडून वैद्यकीय दाखल्याचा आग्रह धरू नये. दाखला मागितला की काय होते? ज्या मुलाला केवळ विश्रांती हवी आहे त्याला घेऊन आई दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसते, वीस जणांना संसर्ग देते किंवा त्यांच्याकडून घेते, शुल्क भरते आणि एक चिठ्ठी घेऊन येते. ज्यांना शुल्क परवडत नाही ते चिठ्ठी आणीत नाहीत. ते मूलच शाळेत आणून सोडतात. सकाळी सातला चमचाभर पॅरासिटामॉल पाजले की दहापर्यंत कपाळ गार राहते. मधल्या सुट्टीच्या आधी ताप पुन्हा चढतो, पण तोवर हजेरी लागलेली असते. म्हणूनच ‘ताप नसताना यावे’ एवढा नियम पुरत नाही. तापाचे औषध न देता पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तरच यावे, असा तो हवा.

हजेरीची भीती बऱ्याच अंशी निराधार आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाची ७५ टक्के हजेरीची अट नववी ते बारावीसाठी आहे, आणि दीर्घ आजारासाठी त्यातही सवलतीची तरतूद आहे. वर्षाचे कामाचे दिवस २२० धरले तर चतुर्थांश म्हणजे ५५ दिवस होतात. फ्लूला लागतात पाचसहा. तरीही दुसरीतल्या मुलाची आई त्या अटीला भिते, कारण शाळेच्या दैनंदिनीत ती ठळक अक्षरांत छापलेली असते आणि तिच्याखाली आजारपणाविषयी एक ओळही नसते. त्यात भर पडते पूर्ण हजेरीच्या बक्षिसाची. वर्षभरात एकदाही आजारी न पडण्यात मुलाचे कर्तृत्व ते काय? आणि आजारी असूनही आल्याबद्दल ते बक्षीस असेल, तर ते कोणत्या वर्तनाला उत्तेजन देते, याचा विचार समारंभाच्या आधी व्हावयास हवा.

ज्या घरात आई कामाला जाते तेथे नियम कितीही चांगला असला तरी तो हवेत राहतो. तिने मुलाजवळ बसावे तर दिवसाची मजुरी जाते. न बसावे तर तापलेले मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली होते, म्हणजे एका आजाऱ्यापायी दोघांची शाळा बुडते. शिवाय शासकीय शाळेत दुपारचे जेवण मिळते. घरी राहिलेल्या मुलाचे ते ताट त्या दिवसापुरते गेले. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा छत्तीसगढात शिधा घरपोच देण्यात आला होता. शाळा चालू असताना पाच दिवस आजारी असलेल्या एका मुलासाठी तसे काही होत नाही. तांदूळडाळीची लहानशी पुडी आणि आजाराची वेगळी नोंद, एवढ्याने काही घरांतील निर्णय निश्चित बदलेल.

बुडालेल्या अभ्यासाला मात्र छत्तीसगढाने पूर्वी उत्तर शोधून ठेवले आहे. २०२० च्या त्या काळात ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे शिक्षण तुमच्या दारी, या योजनेखाली काही गावांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविले गेले. जेथे इंटरनेट पोहोचत नव्हते तेथे ‘बुल्टू के बोल’ या नावाने ध्वनिमुद्रित पाठ एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर ब्लूटूथने दिले गेले. तेलीबांध्यात तर एवढ्याचीही गरज नाही. शेजारच्या मुलाने वही आणून द्यावी. ती दारातून घ्यावी.

बरे झालेले मूल परत येते तेव्हा ते पुरते बरे नसते. खोकला आणखी आठवडा-दोन आठवडे रेंगाळतो, पाय लटपटतात, दुपारी डोळा लागतो. खोकल्यासाठी त्याला पुन्हा घरी धाडण्याचे कारण नाही. खिडकीजवळची जागा, पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची मुभा आणि आठवडाभर कवायतीतून सूट, एवढे त्याला पुरते. चुकलेली चाचणी पुढच्या आठवड्यात घेता येते.