महाग आंबा जास्त पौष्टिक असतो का?

मे महिन्यात वस्तीतल्या एका आईने विचारलं, "सिस्टर, हापूस परवडत नाही. रायवळ दिला तर पोराच्या अंगी लागेल का?" हा प्रश्न अनेक घरांत आहे. म्हणून आंब्यांच्या जाती शेजारी शेजारी ठेवून पाहू.

हापूस साधारण पाव किलोचा. गर केशरी, रेषा जवळजवळ नाहीत, वास दरवळणारा. पण आत कधी साका निघतो, तो बाहेरून कळत नाही. पायरी रसाळ, आंबटगोड, आमरसाला उत्तम. मात्र फार टिकत नाही. केशर लांबट आणि गोड. साल हिरवट असली तरी आत केशरी. तोतापुरी मोठा, चोचीसारख्या टोकाचा, कमी गोड. रायवळ कोयीपासून उगवलेल्या झाडाचा, म्हणून प्रत्येक झाडाची चव वेगळी. त्याची कोय मोठी, रेषा भरपूर.

आता आत काय असतं ते पाहू. कैरीत स्टार्च आणि आंबटपणा जास्त. पिकताना स्टार्चची साखर होते, आंबटपणा आणि क जीवनसत्त्व घटतं, कॅरोटीन वाढतं. कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. ते डोळ्यांना आणि रोगाशी लढायला लागतं. गर जितका गडद केशरी, तितकं कॅरोटीन साधारणपणे जास्त. हे जातीवर आणि पिकण्यावर ठरतं, भावावर नाही. हापूसला जादा पैसे पडतात ते वासाचे, मऊ गराचे आणि नावाचे. रायवळाच्या रेषा तर पोट साफ ठेवायला मदत करतात.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, साखरेचा आजार असेल तर "तोतापुरी कमी गोड" म्हणून पोटभर खाऊ नका. कोणत्याही पिकलेल्या आंब्याच्या १०० ग्रॅम गरात साधारण १२ ते १५ ग्रॅम साखर असते. आमरसापेक्षा एकदोन फोडी बऱ्या, त्याही डॉक्टरांना विचारून. दुसरी, कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी तो बाजारात येतो. सगळे आंबे एकसारखे पिवळे, पण वास नाही आणि आत कच्चे, असे दिसले तर घेऊ नका. कडक आंबे आणून गवतात किंवा कागदात आढी घाला. खाण्याआधी पाण्यात भिजवून नीट धुवा, देठाचा चीक निघून जातो.

त्या ताईला मी म्हटलं, "रायवळ बिनधास्त द्या. पोराच्या अंगी नक्की लागेल."