तलवारीच्या शेपटाला भोक का नसते?

दसऱ्याला पूजेसाठी तलवार बाहेर निघाली, की पात्याचे आणि मुठीचे कौतुक होते. ही दोन एकमेकांना कशी धरून राहतात, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मुठीत दडलेल्या पात्याच्या निमुळत्या भागाला आपण येथे शेपूट म्हणू. जपानी तलवारीच्या शेपटाला बहुधा भोक असते. आपल्याकडील तलवारीच्या शेपटाला बहुधा नसते. मग आपली तलवार अपुरी समजावयाची काय?

जपानी मूठ लाकडाची. तिच्यातून आणि शेपटातून आरपार बांबूची लहानशी खुंटी मारतात. बांबूचे बळ अक्कलकुव्याच्या मंडळींना सांगावयास नको. काठीच्या होळीचा उंच बांबू आपण जाणतोच. खुंटी काढली की मूठ सुटते आणि शेपटावर कोरलेले कारागिराचे नाव वाचता येते. म्हणजे भोक आहे ते मुठीसाठी. ज्या जपानी पात्याला अद्याप मूठच चढली नाही, त्याला ते नसले तर नवल नाही.

आपल्या तलवारीची मूठ बहुधा धातूची आणि आतून पोकळ. त्या पोकळीत लाखेचे मिश्रण तापवून भरीत आणि शेपूट आत दाबून बसवीत. निवाल्यावर लाख दगडासारखी घट्ट होते. लाखेचे किडे पळसावर, बोरीवर वाढतात. हे झाड आणि ही लाख आपल्या देशाला परकी नव्हेत. पाते काढावयाचे तर मूठ बेताने तापवावी, लाख मऊ होते. भोकाचे येथे कामच नाही.

या पद्धतीचा आणखी एक फायदा होता. कोठलेही पाते हव्या त्या मुठीत बसविता येई. युरोपातून आलेल्या सरळ पात्यांना आपल्याकडे मुठी चढल्या आणि त्या तलवारींना फिरंग म्हणू लागले. पुष्कळ फिरंगांत मुठीतून पुढे आलेल्या लोखंडी पट्ट्या पात्याला दोन्ही बाजूंनी धरतात आणि रिव्हेटांनी पक्क्या केलेल्या असतात. नागपूरकर रघूजी भोसले यांच्या नावाची जी तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 साली लंडनच्या लिलावातून परत मिळविली, ती फिरंगच. तिचे पाते युरोपी, मूठ मुल्हेरी घाटाची. मुल्हेर तर आपल्या शेजारच्या बागलाणातले.

हे सारे सांगण्याचे कारण असे. जुन्या तलवारीची लाख काळाने ठिसूळ होते, मूठ डुगडुगू लागते. अशा वेळी ती वेल्डिंगच्या दुकानात नेली, तर त्या उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. शेपटाला नवे भोक पाडले, तर तिच्या घडणीचा पुरावाच पुसला जातो. तलवार कोरडी ठेवावी, हलती मूठ तशीच राहू द्यावी आणि जाणत्या संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. भोक नसणे ही खोट नव्हे. ती आपल्या कारागिरांची रीत आहे.