कधी चालते, कधी नाही : घरच्या संगीत-सर्व्हरच्या जोडणीतील दोष कसा शोधावा

१. प्रस्तावना

संगणक जाळ्यांच्या अभ्यासक्रमात थर, आयपी पत्ता, पोर्ट, डीएचसीपी हे शब्द आपण वाचतो. परीक्षेपुरत्या त्यांच्या व्याख्याही पाठ होतात. मात्र घरातले एखादे उपकरण अडले की आपण पहिल्यांदा राउटर बंद करून चालू करतो. बऱ्याचदा काम होते, पण दोष कुठे होता हे कळत नाही आणि चार दिवसांनी तो परत येतो. या पाठात एका घरगुती उदाहरणावरून दोष शोधण्याची पद्धत पाहू.

उदाहरणासाठी पूर्व दिल्लीतील मयूर विहारमधले एक मराठी घर डोळ्यांसमोर आणू. आजोबांनी नाट्यसंगीताच्या आणि मंडळातल्या गणेशोत्सवात झालेल्या मैफिलींच्या शंभरेक कॅसेट जमवल्या होत्या. नातीने त्या संगणकावर उतरवून घेतल्या. दिवाणखान्यात टीव्हीखाली ठेवलेल्या रास्पबेरी पायवर नॅव्हिड्रोम हा मुक्त संगीत-सर्व्हर चालतो आणि फोनमधल्या ॲपवरून घरातले सगळे गाणी ऐकतात. मैफिलींचे ते ध्वनिमुद्रण कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर मिळणार नाही. म्हणून या सर्व्हरची जोडणी नीट चालणे घराला महत्त्वाचे वाटते.

तक्रारी चार आहेत :
(अ) संध्याकाळी मागच्या खोलीत गाणे मधेमधे तुटते.
(आ) वीज जाऊन आली की ॲपला सर्व्हर सापडत नाही.
(इ) फोनचा पडदा बंद झाला की थोड्या वेळाने गाणे थांबते.
(ई) मेट्रोत बसल्यावर काहीच वाजत नाही.

घरातले चौघेही ‘ॲप बिघडले आहे’ असेच म्हणतात. प्रत्यक्षात या चार तक्रारींची कारणे चार वेगळ्या ठिकाणी आहेत.

२. आधी वाट समजून घ्या

गाणे पुढील वाटेने येते : मेमरी कार्ड – सर्व्हर – राउटर – वाय-फाय – फोनची कार्यप्रणाली – ॲप. यातली एक कडी तुटली तरी पडद्यावर दिसणारा संदेश एकच असतो : ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. म्हणून संदेशावर विसंबून न राहता वाट अर्ध्यावर तोडून तपासावी.

सर्वांत उपयोगी तपासणी सोपी आहे. ॲप अडले त्याच वेळी, त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट टाकावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०:४५३३. (४५३३ हे नॅव्हिड्रोमचे मूळ पोर्ट आहे. आकडे अर्थातच इंग्रजी कळफलकावरून टाकावेत.) पान उघडले तर सर्व्हर, राउटर आणि वाय-फाय तिन्ही ठीक आहेत, दोष ॲपमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. पान उघडले नाही तर ॲपला हात लावण्याचे कारण नाही. एका मिनिटात निम्मे संशयित बाद होतात.

दुसरी सवय नोंदीची. गाणे तुटले की वेळ, खोली, वाय-फाय की मोबाइल डेटा, पडदा चालू की बंद, नुकतीच वीज गेली होती का, एवढे लिहून ठेवावे. मधूनच उद्भवणाऱ्या दोषात ‘केव्हा चालते’ हाच मोठा पुरावा असतो.

३. संध्याकाळी तुटणारे गाणे : हवेतली गर्दी

पहिला विचार येतो तो वेग कमी असल्याचा. हिशेब करून पाहू. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट आणि दोन वाहिन्या असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १४.११ लाख बिट, अर्थात १.४ मेगाबिट. फ्लॅक स्वरूपात ते आणखी कमी होतात. साधे वाय-फायही याच्या कितीतरी पट वाहून नेते. तेव्हा सरासरी वेग पुरेसा आहे. अडचण मधल्या खंडांची आहे. ॲप काही सेकंदांचे गाणे आधीच साठवून ठेवते. खंड त्याहून लांबला की गाणे तुटते.

हा खंड कुठून येतो? २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चॅनेलची केंद्रे ५ मेगाहर्ट्झ अंतरावर असतात, पण एक चॅनेल सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा घेते. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच उरतात : १, ६ आणि ११. शिवाय वाय-फायचा नियम ‘आधी ऐका, मग बोला’ असा आहे. त्याच चॅनेलवर शेजारचा राउटर बोलत असेल तर आपल्याला थांबावे लागते. मयूर विहार, नोएडा, गुरुग्राम येथील दाट वस्तीत एका खोलीतून पंधरा-वीस जाळी दिसणे नवलाचे नाही आणि संध्याकाळी ती सगळीच कामात असतात.

हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून घरात वाय-फाय लावायला कोणाची परवानगी लागत नाही. तशीच ती शेजाऱ्यालाही लागत नाही. ५ गिगाहर्ट्झमधली परवानामुक्त जागा २०१८ मध्ये बरीच वाढवण्यात आली. तिथे चॅनेल जास्त आहेत आणि शेजाऱ्याचा संकेत भिंतींमुळे लवकर क्षीण होतो. अर्थात आपलाही होतो. म्हणून विटांच्या जाड भिंतीपलीकडच्या मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ लंगडतो आणि फोन पुन्हा २.४ वर उतरतो.

उपाय : सर्व्हर राउटरला केबलने जोडावा. सर्व्हर आणि फोन दोघेही वाय-फायवर असतील तर प्रत्येक तुकडा हवेतून दोनदा जातो. केबलने तो भार निम्मा होतो. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. २.४ साठी १, ६, ११ पैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे.

४. वीज गेल्यानंतर हरवणारा सर्व्हर : बदललेला पत्ता

राउटर प्रत्येक उपकरणाला डीएचसीपीने ठरावीक मुदतीसाठी पत्ता देतो, जणू भाडेकराराने. मे-जूनमध्ये वीज जाते, इन्व्हर्टर क्षणभर उशिरा भार घेतो आणि तेवढ्यात राउटर पुन्हा सुरू होतो. अनेक घरगुती राउटर अशा वेळी जुनी नोंद विसरतात. काल १९२.१६८.१.१० वर असलेला सर्व्हर आज १९२.१६८.१.१४ वर असतो आणि ॲप जुन्याच दारावर थाप मारत राहते. म्हणून हा दोष ‘कधीतरी’ येतो.

उपाय : राउटरच्या डीएचसीपी पानावर सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर तो मुळात बंदच पडणार नाही (आपल्या राउटरचा व्होल्टेज मात्र आधी पाहावा).

काही ॲप सर्व्हर आपोआप शोधतात. त्यासाठी ती जाळ्यातल्या सर्वांना एकदम हाक मारतात. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायमध्ये ही हाक सहसा अडवली जाते. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘स्थानिक जाळे’ ही परवानगीही द्यावी लागते. पहिल्यांदा नकळत ‘नाही’ दाबले गेले असेल तर सर्व्हर कधीच दिसत नाही.

वीज अचानक जाण्याचा मोठा धोका वेगळाच आहे : मेमरी कार्डवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल-रचना बिघडू शकते. जोडणी पुन्हा करता येते, आजोबांची मैफील पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाही. एक प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

५. पडदा बंद होताच थांबणारे गाणे : फोनची काटकसर

अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ६ पासून फोन निष्क्रिय असताना ॲपची जाळ्यावरची कामे रोखून धरली जातात. गाणी वाजवणाऱ्या ॲपला यातून सूट मिळू शकते, पण काही फोनमध्ये निर्मात्याने बॅटरी बचतीचे आणखी कडक नियम घातलेले असतात. अशा वेळी चालू गाणे संपते आणि पुढचे उतरत नाही.

ओळखण्याची खूण : पडदा चालू ठेवला तर तासभर गाणे तुटत नाही. उपाय : फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपसाठी बॅटरीचे बंधन काढावे.

६. मेट्रोत न वाजणारे गाणे : घराबाहेरचा रस्ता

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी असतात. घराच्या जाळ्याबाहेर त्यांना अर्थ नाही. शिवाय दाराबाहेर पडताना फोन वाय-फाय सोडून मोबाइल डेटावर जातो, त्याचा स्वतःचा पत्ता बदलतो आणि चालू असलेली टीसीपी जोडणी तुटते.

यावर ‘राउटरवर पोर्ट उघडा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली : राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या गटातला असेल तर सेवादात्याने अनेक घरांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवले आहे. आयपी आवृत्ती ४ मध्ये एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी असल्याने ही काटकसर करावी लागते. अशा घरात पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. दुसरी : पोर्ट खरोखर उघडले तर तुमचा सर्व्हर सगळ्या जगाला दिसतो. उघडी पोर्टे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम अखंड चालू असतात. जोडणी साध्या एचटीटीपीवर असेल तर पासवर्डचेही संरक्षण होत नाही. गाणे ऐकण्यासाठी घरातली सगळी उपकरणे धोक्यात घालणे हा वाईट सौदा आहे.

सुरक्षित मार्ग व्हीपीएनचा. वायरगार्डसारख्या साधनाने फोन आणि घर यांच्यात कूटबद्ध बोगदा तयार होतो. मात्र सार्वजनिक पत्ता नसलेल्या घरात दोन्ही टोकांची गाठ घालून देणारी मध्यस्थ सेवा लागते. त्याहून सोपा उपाय म्हणजे निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर हवी ती गाणी ॲपमध्ये उतरवून घेणे. भुयारी मार्गात संकेत गेला तरी ती वाजतात.

७. सारांश

वेळेवर अवलंबून असणारा दोष हवेतल्या गर्दीकडे बोट दाखवतो. विजेनंतर येणारा पत्त्याकडे, पडद्याबरोबर येणारा फोनच्या काटकसरीकडे आणि घराबाहेर येणारा खासगी पत्त्यांकडे. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम किमान एक दिवस पाहावा. तीन बदल एकदम केले तर गाणे कदाचित सुरू होईल, पण कशामुळे ते कळणार नाही.

८. स्वाध्याय

१. ब्राउझरमध्ये सर्व्हरचे पान उघडते, पण ॲप जोडले जात नाही. कोणत्या कड्या संशयातून वगळाल? का?
२. ३२० किलोबिट प्रति सेकंद दराच्या गाण्याचे १० सेकंद साठवायला किती किलोबाइट लागतील?
३. आपल्या राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो खासगी, सामायिक की सार्वजनिक गटातला आहे ते ठरवा.