कर्करोगाची पेशी वाट कशी काढते?

कर्करोगाने होणाऱ्या बहुतांश मृत्यूंना मूळ गाठीपेक्षा तिचा शरीरभर झालेला प्रसार कारणीभूत असतो. या प्रसारात पहिला अडथळा असतो पेशींभोवतीच्या कोलॅजेन आणि इतर प्रथिनांच्या दाट जाळ्याचा. हे जाळे कापणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, काही पेशी स्वतःच्या पृष्ठभागावरच बाळगतात.

त्यांतले सर्वाधिक अभ्यासलेले विकर म्हणजे एमटी१-एमएमपी. जपानमधील हिरोशी सातो, मोतोहारू सेइकी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच्या केंद्रस्थानी जस्ताचा अणू असतो आणि त्याची शेपटी पेशीच्या आवरणात रुतलेली असते. त्यामुळे कापण्याचे काम नेमके पेशीच्या पुढच्या टोकाशी होते. आक्रमक पेशी तिथे बोटांसारखे बारीक फुटवे काढतात आणि हे विकर त्यांत एकवटते. ते कोलॅजेन तोडते आणि एमएमपी-२ या दुसऱ्या निष्क्रिय विकरालाही जागे करते. शिवाय पेशीला जाळ्याशी धरून ठेवणारे सीडी४४ हे प्रथिन कापून ते तिची पकड सोडवते. मग पेशी पुढे सरकते.

हीच विकरे निरोगी शरीरात जखमा भरणे आणि हाडांची वाढ यांसाठीही लागतात. अशी सगळी विकरे सरसकट रोखणारी मारिमास्टॅटसारखी औषधे चाचण्यांत अपेक्षित लाभ देऊ शकली नाहीत. रुग्णांना सांधे आणि स्नायूंच्या वेदना मात्र झाल्या. नेमके एकच विकर, योग्य वेळी रोखणे हाच पुढचा शहाणपणाचा मार्ग आहे.