ढगातले सवाल-जवाब

आयएफआर म्हणजे इन्स्ट्रुमेंट फ्लाइट रूल्स. खिडकीबाहेर न बघता, समोरच्या उपकरणांवर नजर ठेवून आणि जमिनीवरच्या कंट्रोलरशी रेडिओवर बोलत विमान न्यायचे, त्याचे हे नियम. मुंबईहून दिल्लीला जाणारे मोठे विमान आभाळ निरभ्र असतानाही याच नियमांखाली उडते. पण तिथे दोन पायलट असतात, मागे कंपनी असते. नियमांचे खरे चटके बसतात ते छोट्या विमानातल्या एकट्या पायलटला, आणि असे पायलट अमेरिकेत उदंड. म्हणून हा आढावा बराचसा तिकडचा.

न बघता उडता येते का, हा प्रश्न 24 सप्टेंबर 1929 रोजीच मिटला. न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी कॉकपिट झाकून घेऊन उड्डाण केले, फेरी मारली आणि उतरले. सोबतीला बेन केल्सी बसले होते, पण त्यांना विमान हाती घ्यावे लागले नाही. स्पेरींचे कृत्रिम क्षितिज आणि कोल्समन यांचा अचूक अल्टिमीटर यांच्या जोरावर हे जमले. उपकरणे आली, नियमही आले. तरी पायलटांच्या गप्पांत एक वाद अजून रंगतो: अमुक गोष्टीची काळजी करायची कोणी? मी की कंट्रोलरने?

या वादाची फार मोठी किंमत मोजली ती टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीच्या 514 क्रमांकाच्या विमानाने. तारीख 1 डिसेंबर 1974. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर वारा फार होता, म्हणून हे बोइंग 727 डलेस विमानतळाकडे वळवले होते. धावपट्टीपासून अजून 44 मैल दूर असतानाच कंट्रोलरने अप्रोचचा, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याचा, क्लिअरन्स दिला. त्यात उंचीचा उल्लेख नव्हता. पायलटांनी अर्थ लावला, की आता 1800 फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही, डोंगर असता तर कंट्रोलरने थांबवले असते. कंट्रोलरच्या लेखी नकाशा पायलटच्या मांडीवर होता, तेव्हा सुरक्षित उंची त्यानेच बघायची. दोघांच्या समजुतींच्या मधोमध व्हर्जिनियातला माउंट वेदर उभा होता. विमानातले सर्व 92 जण गेले. दोष कोणाचा, यावर तपास मंडळातही फूट पडली. तीन सदस्यांनी पायलटांकडे बोट दाखवले, दोघांनी कंट्रोल व्यवस्थेकडे.

मला यातली बोचणारी गोष्ट वेगळीच वाटते. या अपघाताच्या काही आठवडे आधी युनायटेड या दुसऱ्या कंपनीचे एक विमान याच अप्रोचवर असेच खाली आले होते आणि थोडक्यात बचावले होते. युनायटेडने आपल्या पायलटांना सावध केले, पण ती सूचना टीडब्ल्यूएच्या पायलटांपर्यंत पोचली नाही. पुढे 1976 मध्ये नासाच्या देखरेखीखाली नाव गुप्त ठेवून चुका कळवण्याची सोय झाली, तिच्यामागे ही घटना आहे. नियमही स्पष्ट झाला: नकाशावर छापलेल्या मार्गावर येईपर्यंत शेवटी दिलेली उंची सोडायची नाही. आज कंट्रोलर क्लिअरन्ससोबत तेवढी उंचीही सांगतो.

रेडिओ बंद पडला तर काय, हा परीक्षेतला लाडका प्रश्न. रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या ट्रान्सपाँडरवर 7600 हा आकडा लावायचा. ढगाबाहेर असाल तर बाहेरच राहायचे आणि सोयीच्या ठिकाणी उतरायचे. ढगात असाल तर शेवटी मिळालेला मार्ग पकडायचा. तो संपला तर ज्या मार्गाची अपेक्षा ठेवायला सांगितले होते तो, आणि तेही नसेल तर फ्लाइट प्लॅनमध्ये लिहिलेला. उंचीच्या बाबतीत मात्र मिळालेली, अपेक्षित आणि त्या टापूतली किमान, या तिन्हींतली सर्वात जास्त धरायची. वरवर किचकट, पण हेतू सरळ आहे. बोलणे तुटल्यावर दोघांनी एकमेकांबद्दल एकच अंदाज बांधावा. वेळेआधी पोचलात तर घिरट्या घालत थांबायचे की उतरून मोकळे व्हायचे, यावर मात्र जाणकारांत आजही जुंपते. बऱ्याचदा बिघाड रेडिओत नसतोच. आवाजाचे बटण खाली असते किंवा हेडसेटची पिन सुटलेली असते.

इंधनाचा हिशेब त्यामानाने सोपा. ठरलेल्या ठिकाणी पोचायचे, तिथून पर्यायी विमानतळ गाठायचा आणि वर 45 मिनिटे उरायला हवीत. पोचण्याच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत ढग 2000 फुटांच्या वर आणि दृश्यता किमान तीन मैल असा अंदाज असेल, तर पर्यायी विमानतळ सहसा लिहावा लागत नाही. गंमत अशी, की लिहिला तरी तिथेच जायचे बंधन नाही. कागदावर एक आणि मनात दुसराच, असे सर्रास चालते.

नेहमीच्या आयएलएस, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे धावपट्टीकडे उतरण्याच्या, अप्रोचवर धावपट्टीच्या 200 फूट वर आल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर पुन्हा वर चढायचे. व्यावसायिक विमानाला हवामान ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर अप्रोच सुरूच करता येत नाही. खासगी पायलटला अमेरिकेत ती मनाई नाही. खाली जाऊन बघून येतो, असे तो म्हणू शकतो. ही मोकळीक मला धोक्याची वाटते. एवढे खाली आल्यावर अंधूक दिवा हा धावपट्टीचाच असल्याची खात्री मन फार लवकर देते.

आणि उपकरणच खोटे बोलले तर? ढगात किंवा अंधारात कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय फसते. सावकाश कललेले विमान सरळ वाटते, म्हणून शरीरावर नव्हे तर उपकरणांवर विसंबायला शिकवतात. पण कोणत्या? 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग 747 सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. 213 जण गेले. समोर काळोखा समुद्र होता, क्षितिज नव्हते. भारतीय चौकशीनुसार कॅप्टनसमोरचा, विमानाचा कल दाखवणारा इंडिकेटर बिघडला होता. विमान डावीकडे कलत असताना तो उजवीकडचा कल दाखवत राहिला आणि कॅप्टनने विमान आणखी डावीकडे लोटले. त्या इंडिकेटरवर जाऊ नका, असे फ्लाइट इंजिनिअरने सुचवले, तोवर उशीर झाला होता. अमेरिकी न्यायालयाने पुढे उपकरणे बनवणाऱ्यांवर दोष ठेवला नाही.

म्हणून प्रशिक्षक एका उपकरणाची साक्ष दुसऱ्याकडून पडताळायला लावतात: क्षितिज कललेले दिसते, तर कंपास फिरतो आहे का? वळण दाखवणारा काटा काय म्हणतो? बिघडलेले उपकरण ओळखले तरी सवयीने डोळा पुन्हा तिकडेच जातो. त्यावर बरेच पायलट एक साधा उपाय करतात. काचेवर चिकटणारे छोटे रबरी झाकण जवळ ठेवतात आणि ती तबकडी झाकून टाकतात.