मेन्यूतली नोंद आधी, पार्टिशन नंतर

कॉम्प्युटर सुरू करताना दोन विंडोज दिसतात, त्यातली एक नकोय, म्हणून बरेच जण तिचं पार्टिशनच फॉरमॅट करतात. मेन्यू मात्र जसाच्या तसा! व्हिस्टापासून ही यादी बीसीडी नावाच्या वेगळ्या साठ्यात असते; जुनी सिस्टिम पुसली गेल्याचा तिला पत्ताच नसतो. भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी राहते, तसं. म्हणून पाटी काढायची. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एमएसकॉन्फिग’ टाइप करा, ‘बूट’ टॅब उघडा. जिच्यापुढे ‘करंट ओएस’ लिहिलंय तिला हात लावू नका; दुसरी निवडून ‘डिलीट’, मग ‘ओके’. यात फक्त नोंद जाते, डेटा नाही.

‘थांबायचा वेळ शून्य सेकंद केला की झालं’, असं कुणी म्हणेल. मेन्यू लपेल, पण डिफॉल्ट नको असलेलीच असेल तर मशीन थेट तिच्यातच शिरायला बघेल. चुकीची नोंद उडण्याची भीती मात्र रास्त आहे. आधी ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिटच्या एक्स्पोर्टने या यादीची प्रत काढून ठेवावी. दुसरी सिस्टिम विंडोज नसून उबुंटू लिनक्स असेल, तर प्रकरण निराळं. तो मेन्यू ग्रब या लिनक्सच्या बूटलोडरचा, एमएसकॉन्फिगमध्ये सहसा दिसतच नाही. यूईएफआय फर्मवेअर असलेल्या मशीनवर आधी बूट क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिल्या नंबरवर आणा. ते न करता लिनक्सचं पार्टिशन उडवलंत, तर ग्रबच्या फायलीही त्यासोबत जातात आणि विंडोज शाबूत असूनही काळ्या पडद्यावर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट उरतो.